साडेआठ परगण्यांचा धनी

११९१ साली पूर्व इंग्लंडमधल्या बेरी सेंट एडमंड्स गावाजवळ, हॅबर्डन नावाच्या माळावर, हर्बर्ट नावाच्या डीनने, म्हणजे एका धर्माधिकाऱ्याने, एक पवनचक्की उभी केली. त्या काळी इंग्लंडात पवनचक्की ही अगदी नवी गोष्ट होती. देशातल्या ज्या मोजक्या आद्य पवनचक्क्यांची लेखी नोंद सापडते, त्यांतली ही एक. बातमी गावच्या मठाचा अधिपती सॅमसन याच्या कानावर गेली आणि संतापाने त्याला घास गिळवेना. दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपताच त्याने हुकूम सोडला: सुतार पाठवा, चक्की पाडा, लाकूड सांभाळून ठेवा. डीन धावतपळत आला. जमीन माझी आहे, वारा कुणाच्या मालकीचा नाही, आणि मी फक्त घरचं धान्य दळणार आहे, असं त्याने परोपरीने सांगून पाहिलं. सॅमसन बधला नाही. चक्की पाडली जाईपर्यंत भाकरीला शिवणार नाही, अशी त्याने शपथच घेतली. गावकरी दळण घेऊन तुझ्याकडे धावतील, ते मोकळे नागरिक असल्यामुळे मला त्यांना अडवता येणार नाही, आणि माझ्या चक्क्यांचं नुकसान होईल, हा त्याचा हिशेब होता. शेवटी डीनने मुलाचा सल्ला ऐकून स्वतःच चक्की उतरवली. मठाची माणसं पोचली तेव्हा पाडायला काही शिल्लकच नव्हतं.

हा प्रसंग आपल्याला कळतो तो ब्रेकलंडच्या जोसेलिनमुळे. तो याच मठातला साधू, काही वर्षं सॅमसनच्या अगदी जवळ राहिलेला. ११७३ पासून पुढच्या जवळजवळ तीस वर्षांचं लॅटिन इतिवृत्त त्याने लिहून ठेवलं. या गावाच्या शिवेच्या आत खुद्द राजाला किंवा त्याच्या मुख्य न्यायाधीशालाही मठाच्या संमतीवाचून काही बदलता किंवा बांधता येत नाही, असं सॅमसनने त्या दिवशी डीनला बजावलं होतं. रागाच्या भरात मारलेली ती बढाई नव्हती. त्यामागे दीडशे वर्षांच्या सनदा होत्या.

या सगळ्या जमिनीचा धनी कागदोपत्री एक मेलेला राजा होता. एडमंड हा ईस्ट अँग्लियाचा राजा. २० नोव्हेंबर ८६९ रोजी डेन आक्रमकांनी त्याला ठार केलं. त्याचं तोडलेलं शिर एका लांडग्याने राखलं अशी कथा पसरली आणि राजाचा संत झाला. पुढे त्याचा देह बेओड्रिक्सवर्थ या वस्तीत आणून ठेवला गेला. त्या वस्तीचंच पुढे बेरी सेंट एडमंड्स झालं. इतिहासाने इथे मोठी कलाटणी घेतली. ज्या डेन लोकांनी एडमंडला मारलं, त्यांच्याच वंशातला राजा नूट १०२० च्या सुमाराला इथल्या पुजाऱ्यांना दूर करून बेनेडिक्ट पंथाच्या साधूंचा मठ स्थापता झाला. दान द्यायचं ते संताला, सारा भरायचा तो संताला, आणि गुन्हा केला तरी तो संताविरुद्धच, अशी ही व्यवस्था होती. मठाधिपती हा त्या धन्याचा कारभारी. धनी मरत नव्हता, त्याला वारसही नव्हते, त्यामुळे जमिनीची वाटणी कधी झालीच नाही. सरदारांच्या जहागिरी पिढीगणिक फुटत, जप्त होत, लग्नात हुंड्यात जात. एडमंडची जमीन मात्र वाढतच गेली.

खरी मोठी देणगी आली एडवर्ड द कन्फेसर या राजाकडून, १०४४ च्या सुमाराला. राजा मठात आला असता त्याला तरुण साधू जवाची भाकर खाताना दिसले, आणि त्यांना गव्हाची मिळावी म्हणून त्याने मिल्डनहॉलची जागीर लावून दिली, अशी मठाची परंपरागत हकीगत आहे. मिल्डनहॉलपेक्षा पुष्कळ मोठं होतं ते दुसरं दान: राजाची आई एमा हिच्याकडे असलेले साडेआठ ‘हंड्रेड’. हंड्रेड म्हणजे आपल्याकडच्या परगण्यासारखा महसुलाचा आणि न्यायनिवाड्याचा विभाग. बॅबर्ग आणि ब्लॅकबर्न हे दोन दुप्पट परगणे. लॅकफर्ड, रिसब्रिज, थेडवास्टर आणि थिंगो हे चार. आणि कॉसफर्ड हा अर्धा. नकाशावर पाहिलं तर हा सफक काउंटीचा जवळजवळ सगळा पश्चिम भाग होतो.

या दानाचं स्वरूप नीट पाहायला हवं. साडेआठ परगण्यांतली सगळी शेतं मठाच्या मालकीची झाली नाहीत. तिथे इतरही जमीनदार होते. मठाला मिळाला तो राजाचा अधिकार. परगण्याची कचेरी मठाची, दंडाची रक्कम मठाची, राजाच्या शेरीफने करायची कामं मठाधिपतीचा स्टुअर्ड करणार. या मोठ्या वर्तुळाच्या आत आणखी एक लहान वर्तुळ होतं. गावाभोवती सुमारे मैलभर अंतरावर चार क्रूस रोवलेले होते. त्यांच्या आतल्या जागेला बॅनल्यूका म्हणत, आणि तिथे मठाची सत्ता जवळजवळ निरंकुश होती. हर्बर्टची पवनचक्की नेमकी त्या क्रूसांच्या आत आली होती.

एडवर्डच्याच काळातला मठाधिपती बाल्डविन हा जातिवंत वैद्य. फ्रान्समध्ये जन्मलेला हा साधू एडवर्डवर उपचार करी, आणि १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर तोच नवा राजा विल्यम याचाही वैद्य झाला. इतर मठांच्या जमिनी नव्या सरदारांनी ओरबाडल्या, बेरीचा मठ मात्र पुष्कळसा तरला, आणि त्याचं मोठं श्रेय बाल्डविनला द्यावं लागतं. त्याने प्रचंड चर्च बांधायला घेतलं, जे पुढे पाचशे फुटांहून लांब झालं. जवळपास चांगला दगड नव्हता, म्हणून तो पीटरबरोजवळच्या बार्नॅकच्या खाणीतून आणायचा ठरला. त्या वाहतुकीवर जकात घेऊ नये असं विल्यमने फर्मान काढलं.

चर्चच्या बरोबरीने बाल्डविनने गावही वसवलं. सरळ आखलेले रस्ते, बाजाराला मोकळी जागा. १०८६ सालच्या डोम्सडे बुकात या गावाची जी नोंद आहे, ती त्या अवाढव्य दप्तरातल्या सर्वांत जिवंत नोंदींपैकी एक म्हणायला हरकत नाही. एडवर्डच्या काळी जी जमीन नांगराखाली होती, तिच्यावर वीस वर्षांत ३४२ घरं उभी राहिली होती. भटारी, एल गाळणारे, शिंपी, धोबिणी, चांभार, झगे शिवणारे, आचारी, हमाल, पुरवठादार असे ७५ जण रोज संताच्या, मठाधिपतीच्या आणि साधूंच्या सेवेत होते. शिवाय ३० पाद्री आणि इतर धर्मसेवक, आणि राजासाठी व सगळ्या ख्रिस्ती लोकांसाठी प्रार्थना करणाऱ्या २८ जोगिणी व गोरगरीब. गावाचं मोल १० पौंडांवरून २० पौंडांवर गेलं होतं. त्याच दप्तरात समुद्राच्या बाजूच्या बेकल्स गावाची नोंद आहे. हे गाव मठाला पूर्वी वर्षाला ३०,००० हेरिंग मासे देत असे, १०८६ मध्ये तो आकडा ६०,००० झाला होता. उपासाच्या दिवसांत साधूंना मांस वर्ज्य, त्यामुळे मासळीचा हा सारा पैशाइतकाच मोलाचा होता.

शंभर वर्षांनी, म्हातारा ह्यू मठाधिपती असताना, याच श्रीमंत मठाचं दिवाळं निघायची वेळ आली. जोसेलिनच्या इतिवृत्ताची सुरुवातच या दुरवस्थेपासून होते. ह्यू धार्मिक होता, पण त्याची नजर अधू झाली होती आणि कारभार हाताखालच्यांवर सोपवलेला होता. जमिनी वाटेल तशा खंडाने जात होत्या, वनं तोडली जात होती, जो तो अधिकारी आपल्या शिक्क्यानिशी कर्ज काढत होता. चर्चचा कारभारी विल्यम याने एक मोडकळीला आलेली खोली दुरुस्त करायला नॉर्विचच्या बेनेडिक्ट या ज्यू सावकाराकडून ४० मार्क घेतले. ते वेळेवर फिटले नाहीत. व्याजावर व्याज चढलं, जुन्या रोख्याच्या जागी नवा रोखा आला, पुन्हा उचल झाली, आणि बेनेडिक्टचं येणं १,२०० पौंडांवर गेलं. ११८० मध्ये ह्यू कँटरबरीच्या यात्रेला निघाला असता घोड्यावरून पडला, गुडघा निखळला, आणि त्यातच तो वारला.

११८२ साली सॅमसन मठाधिपती झाला तेव्हा त्याचं वय ४७ होतं. नॉर्फकमधल्या टॉटिंग्टनचा हा माणूस, जवळजवळ टकला, दाट भुवयांचा, तांबूस दाढीचा. लोकांपुढे प्रवचन करताना तो आपल्या नॉर्फकी बोलीतच बोले. जोसेलिन सांगतो की पुढच्या चौदा वर्षांत त्याचे केस बर्फासारखे पांढरे झाले. ते ज्या कामापायी झाले, ते काम हिशेबाचं होतं. सॅमसनने परगण्या-परगण्यांतून चौकशी चालवली. कुठलं कूळ किती जमीन कसतं, पैशात किती देणं लागतं, धान्यात किती, कचेरीला हजर राहण्याचं बंधन कुणावर आहे, कोण काय चुकवतो. चार वर्षांच्या आत सगळं एका वहीत उतरलं. किती कर्ज फिटलं तेही त्याच वहीत टिपलं जात होतं. या वहीला सॅमसनची ‘कॅलेंडर’ म्हणतात, तिचा काही भाग आजही उपलब्ध आहे आणि १९५४ मध्ये तो छापून प्रसिद्ध झाला. साधू म्हणून सॅमसनला प्रार्थनेपेक्षा व्यवहारात अधिक रस होता, अशी कुरकुर मठातच होती. पण बारा वर्षांत कर्ज फिटलं. जागिरी मक्त्याने देण्याऐवजी त्याने स्वतःच्या देखरेखीखाली घेतल्या, नवी जमीन लागवडीखाली आणली, कोठारं बांधली.

हे वहीतले हक्क प्रत्यक्षात कसे वसूल होत, ते पाहायचं तर कोठाऱ्याकडे वळावं लागतं. साधूंच्या अन्नपाण्याची जबाबदारी कोठाऱ्याची, आणि गावातले नाना तऱ्हेचे हक्क त्याच्या हातात. पूर्वी गावातल्या प्रत्येक घरातून एक माणूस मठाच्या शेतावर कापणीला जाई. पुढे त्या वेठीच्या बदल्यात दर घराला एक पेनी द्यावी असं ठरलं. एक पेनी म्हणजे फार नव्हे, पण श्रीमंतांनी ती द्यायचं हळूहळू बंद केलं, आणि वसुली उरली ती गरिबांच्या घरी. कोठाऱ्याची माणसं दारात येत, पैसे नसले तर तिवया, भांडीकुंडी उचलून नेत, कुठे दाराची फळीच काढून नेत. मग म्हाताऱ्या बायका हातात सूत काढायच्या काठ्या घेऊन बाहेर पडत आणि वसुलीवाल्यांना शिव्या घालत अंगावर धावत. जोसेलिनने हे लिहिलं, म्हणून आठशे वर्षांपूर्वीच्या त्या बायका आपल्याला दिसतात. त्यांची नावं मात्र कुणी टिपली नाहीत. सॅमसनने हा छळ थांबवला. घरोघरची पेनी रद्द करून गावाने मिळून वर्षाला २० शिलिंग कोठाऱ्याला द्यावे असं त्याने ठरवून दिलं.

असाच आणखी एक हक्क वामांचा. साउदरीच्या पाणथळीतून धरलेले वाम आणायला गावकऱ्यांना लेकनहीथपर्यंत हेलपाटा घालावा लागे. कित्येकदा तिथे पोचल्यावर मासेच नसत आणि माणसं रिकाम्या हाती परत येत. त्याचीही पुढे पेनी झाली: दर तीस एकरांमागे वर्षाला एक. तसंच शेणाचं. गावच्या रस्त्यावर पडलेलं शेणखत गोळा करायचा हक्क कोठाऱ्याचा होता, ठरावीक जमीन कसणाऱ्यांच्या दारासमोरचं तेवढं सोडून.

आणि मेंढरांचं. साडेआठ परगण्यांतली वायव्येकडची जमीन हलकी, वाळूमिश्रित. खताशिवाय तिच्यात काही येत नाही. त्यामुळे मेंढरू लोकरीइतकंच लेंडीसाठी मोलाचं. गावकऱ्यांनी आपली मेंढरं रात्री कोठाऱ्याच्या वाड्यात बसवावीत असा दंडक होता. दिवसभर ती कुणाच्याही चराऊ रानात चरोत, रात्री खत पडणार ते मठाच्या शेतात. खताचा हा मक्ता म्हणजे पिकाचाच मक्ता होता. आपल्याकडे शेतात मेंढरं बसवायला धनगराला धान्य किंवा पैसे मोजतात. इथे मेंढरांच्या मालकालाच हुकूम सुटत होता.

या चोख व्यवस्थेची एक काळी बाजू ११९० साली दिसली, आणि ती सॅमसनच्या थोरवीखाली झाकून टाकता येणार नाही. त्या वर्षी इंग्लंडात धर्मयुद्धाच्या उन्मादात ठिकठिकाणी ज्यूंवर हल्ले झाले. बेरीत १८ मार्चला, ईस्टरच्या आधीच्या रविवारी, ५७ ज्यू मारले गेले. जे वाचले, त्यांना त्याच वर्षी सॅमसनने राजाच्या परवानगीने गावाबाहेर काढलं. या गावातलं सगळं संत एडमंडचं आहे, म्हणून इथे राहायचं तर संताची प्रजा होऊन राहावं, नाहीतर जावं, असा त्याने लावलेला युक्तिवाद होता. ज्यू हे थेट राजाच्या अखत्यारीत असत, आणि आपल्या शिवेच्या आत राजाचं म्हणून काहीही असू नये हाच त्याचा आग्रह. हत्याकांडातून वाचलेल्या माणसांना हत्यारबंद पहाऱ्यात हद्दपार करण्यात आलं, आणि जोसेलिनने ही गोष्ट धन्याच्या सद्गुणांत जमा केली. जमिनीच्या हक्काचा कायदा किती निर्दय होऊ शकतो, हे त्या पानावर वाचायला मिळतं.

हद्दीसाठी सॅमसन शेजाऱ्यांशीही भांडला. ईलीच्या मठातल्या साधूंनी राजा जॉनकडून सनद मिळवून लेकनहीथला नवा बाजार भरवला. गाव त्यांचं, पण परगणा एडमंडचा. शिवाय नव्या बाजाराने बेरीच्या बाजाराचं नुकसान. सॅमसनने आधी न्यायालयाचा रस्ता धरला. मग १२०२ मध्ये एका रात्री त्याच्या कारभाऱ्यांनी जवळजवळ सहाशे हत्यारबंद माणसं घेऊन लेकनहीथवर चाल केली. बाजारकरू आधीच पळाले होते. खाटकांचे आणि इतर दुकानदारांचे मांडव पाडून लाकूड आणलं गेलं, गुरं-मेंढरं हाकून नेली गेली. प्रकरण राजापर्यंत गेलं. १२११ च्या डिसेंबरात सॅमसन वारला, पण ही रीत टिकली. पन्नास वर्षांनी फ्रान्सिस्कन पंथाच्या भिक्षूंनी गावात ठाण मांडायचा प्रयत्न केला, तेव्हा मठाने त्यांनाही हुसकावलं; १२६३ मध्ये त्यांना क्रूसांच्या पलीकडे, बॅबवेल इथे जागा घ्यावी लागली.

बाजारपेठ म्हणून बेरी भरभराटीला आलं, आणि तिथला व्यापारी वर्ग या धन्याला कंटाळत गेला. इतर गावांना राजाकडून स्वराज्याच्या सनदा मिळत होत्या, आपला नगरप्रमुख आपण निवडावा अशी मुभा मिळत होती. बेरीत मठाधिपतीच्या मान्यतेशिवाय पान हलत नव्हतं. जानेवारी १३२७ मध्ये, राजा दुसरा एडवर्ड पदच्युत होत असतानाच्या गोंधळात, गावकरी मठात घुसले. सोनंनाणं लुटलं गेलंच, पण त्यांना हवं होतं ते दप्तर. सनदा, रोखे, कूळवह्या उचलून नेल्या. मठाधिपती रिचर्डकडून गावाला हक्क देणाऱ्या नव्या सनदेवर सक्तीने शिक्का घेतला. लंडनला सुखरूप पोचताच त्याने ती झुगारली. दंगा वर्षभर धुमसला, मठाची कोठारं आणि वाडे जळाले. पुढे तर काहींनी मठाधिपतीला चेविंग्टनच्या वाड्यातून पळवून समुद्रापार ब्राबांटमध्ये नेऊन ठेवलं. शेवटी सरकारने बंड मोडलं आणि गावावर अवाढव्य दंड बसला. गावाकडे तोंड करून असलेला मठाचा दरवाजा त्या दंग्यात उद्ध्वस्त झाला होता. तो नव्याने बांधला गेला तेव्हा नक्षीदार कमानींबरोबर त्यात बाण सोडायच्या फटीही ठेवल्या. तो दरवाजा आजही उभा आहे.

विस्कटलेलं दप्तर पुन्हा लावायचं जिकिरीचं काम पुढच्या पिढ्यांत चालू राहिलं. जॉन लेकनहीथ नावाच्या साधूने ते मन लावून केलं. कुठली सनद कशाची, कुठल्या जागिरीचं काय येणं, याची सूची त्याने तयार केली. मठाच्या जमिनींचे दंड आणि येणी वसूल करणंही त्याच्याकडेच होतं. जून १३८१ मध्ये शेतकऱ्यांचं मोठं बंड इंग्लंडभर पेटलं, तेव्हा सफकमध्ये जॉन रॉ या पाद्र्याच्या मागे जमलेला जमाव बेरीत आला. राज्याचा मुख्य न्यायाधीश जॉन कॅव्हेंडिश लेकनहीथजवळ मारला गेला. मठाचा उपप्रमुख जॉन ऑफ केंब्रिज पळून चालला होता, त्याला मिल्डनहॉलजवळ गाठून ठार केलं. दोघांची शिरं बाजारात टांगली. आणि जमावाने जॉन लेकनहीथचाही शिरच्छेद केला. पुन्हा सनदा मागितल्या गेल्या. पुढे राजाने सरसकट माफी जाहीर केली, त्यातून बेरीला वगळलं, आणि २,००० मार्क दंड ठोठावला. गावाला स्वतःची नगरसनद मिळायला १६०६ साल उजाडावं लागलं. तोवर मठ जाऊन दोन पिढ्या उलटल्या होत्या.

मठ गेला तो बंडाने नव्हे, राजाच्या हुकमाने. १५३५ साली आठव्या हेन्रीच्या अधिकाऱ्यांनी देशभरातल्या धर्मसंस्थांचं उत्पन्न मोजलं, त्यात बेरीचं निव्वळ वार्षिक उत्पन्न १,६५६ पौंडांहून अधिक भरलं. १५३८ मध्ये राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याची माणसं संताच्या समाधीवर आली. ती मोडणं फार अवघड गेलं असं त्यांनी कळवलं, आणि ५,००० मार्कांहून अधिक किमतीचं सोनं-चांदी काढून नेलं. ४ नोव्हेंबर १५३९ रोजी शेवटचा मठाधिपती जॉन रीव्ह याने मठ राजाच्या स्वाधीन केला. त्याला वर्षाला ५०० मार्कांचं निवृत्तिवेतन ठरलं; पाच महिन्यांत तो वारला. पाचशे वर्षं न फुटलेली जमीन मग भराभर विकली गेली.

घेणाऱ्यांत एक नाव लक्षात राहण्यासारखं आहे. निकोलस बेकन. त्याचा बाप रॉबर्ट हा मठाच्या मेंढरांवरचा कारभारी होता. मुलगा कायदा शिकला, १५३७ मध्ये मठांच्या जप्त मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या कोर्ट ऑफ ऑगमेंटेशन्समध्ये वकील म्हणून लागला, आणि १५४५ मध्ये त्याने खुद्द मठाधिपतीची रेडग्रेव्हची जागीर घेतली. पुढे तो एलिझाबेथ राणीच्या राजमुद्रेचा रक्षक झाला. तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन हा त्याचाच मुलगा. लाँग मेलफर्डचा मठाधिपतीचा वाडा असाच विल्यम कॉर्डेल या वकिलाच्या हाती गेला. नवे धनी पुष्कळदा मठाचा कारभार आतून ओळखणारी किंवा कायद्यात मुरलेली माणसं होती, आणि त्यांनी कुळांकडून येणं वसूल करताना जुन्याच वह्या वापरल्या.

चर्चचा दगड गावाने नेला. बार्नॅकचा कोरीव दगड घराघरांत गेला, मागे राहिले ते गारगोटी आणि चुन्याचे ओबडधोबड सुळके. पश्चिमेच्या भव्य भिंतीच्या कमानींत लोकांनी घरं बांधली. त्या घरांत आजही माणसं राहतात. मोकळ्या आवारात १८३१ च्या सुमाराला बाग झाली, जिथे आज बेरीचे लोक फिरायला येतात. मठाच्या आवारातलंच सेंट जेम्सचं चर्च १९१४ मध्ये कॅथेड्रल झालं. जोसेलिनचं इतिवृत्त १८४० मध्ये छापलं गेलं आणि तीनच वर्षांनी टॉमस कार्लाइलने सॅमसनला आपल्या ‘पास्ट अँड प्रेझेंट’ या पुस्तकाचा नायक केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, भुताच्या कथांसाठी प्रसिद्ध असलेले विद्वान एम. आर. जेम्स यांना फ्रान्समधल्या दुए शहरातल्या एका हस्तलिखितात मठाधिपतींना कुठे पुरलं त्याची यादी सापडली. तिच्या आधारे खोदकाम झालं तेव्हा सॅमसनसह काही मठाधिपतींच्या कबरी मिळाल्या.

साडेआठ परगण्यांची हद्द तर दगडांपेक्षाही चिवट निघाली. मठ बुडाल्यावरही तिचा वेगळा कारभार चालत राहिला. १८८९ मध्ये इंग्लंडात निवडून आलेल्या काउंटी परिषदा आल्या तेव्हा वेस्ट सफक ही स्वतंत्र काउंटी झाली, आणि तिची सीमा म्हणजे जवळजवळ तीच एडवर्ड कन्फेसरने आखून दिलेली रेषा. १९७४ मध्ये ती ईस्ट सफकमध्ये विलीन होईपर्यंत, नऊशे वर्षांहून अधिक काळ, या भागातले लोक कर भरायला आणि न्याय मागायला बेरीकडेच वळत होते. २०१९ पासून वेस्ट सफक हे नाव एका लहान जिल्हा परिषदेला पुन्हा मिळालं आहे. ‘संत एडमंडच्या लिबर्टीचा वंशपरंपरागत हाय स्टुअर्ड’ हा मान आजही ब्रिस्टलच्या मार्क्विस घराण्याकडे चालत आलेला आहे.

दप्तर मात्र जगभर विखुरलं. काही लंडनला, काही केंब्रिजला. निकोलस बेकनने रेडग्रेव्हबरोबर जे जुने न्यायपट ताब्यात घेतले, ते कुटुंबाच्या कागदपत्रांतून फिरत फिरत अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोचले आहेत. त्यात तेराव्या शतकापासूनच्या जागिरीच्या कचेऱ्यांच्या नोंदी आहेत: कुणी कुणाला अर्धा एकर दिला, कुणी बापाची जमीन लावून घ्यायला किती दंड भरला, कुणी लग्नाच्या परवानगीसाठी किती पैसे मोजले. मठाने हे सगळं येणं बुडू नये म्हणून लिहून घेतलं होतं. इतिहासकारांनी त्यावरून रेडग्रेव्ह आणि हिंडरक्ले या गावांतल्या साध्या शेतकऱ्यांची नाती, शेजार आणि कर्जं जुळवली, आणि १२९० नंतरच्या वाईट हंगामांत लहान कुळांना आपल्या पट्ट्या सावकारी करणाऱ्या शेजाऱ्यांना कशा विकाव्या लागल्या, ते दाखवून दिलं.